पावसाळ्यानंतरची पहिली सायकल शर्यत: रोज साठ किलोमीटर मारणारे हौशी सायकलपटू पहिल्या अर्ध्या तासात मागे का पडतात?

पहाटे पाचला कल्याणहून निघायचं, शहाडचा पूल ओलांडायचा, म्हारळ, वरप, कांबा, रायते करत मुरबाड गाठायचं. तिथे चहा आणि वडापाव, आणि ऊन चढायच्या आत घरी. जाऊन-येऊन साधारण साठ किलोमीटरची ही फेरी कल्याण, उल्हासनगर, डोंबिवलीच्या कितीतरी हौशी सायकलस्वारांच्या अंगवळणी पडलेली आहे. काही जण सुट्टीच्या दिवशी सरळगाव, टोकावडे, मोरोशी मागे टाकत थेट माळशेज घाटापर्यंत जातात आणि संध्याकाळच्या आत परततात. दिवसाला दीडशे किलोमीटर त्यांना नवीन नाहीत.

अशा माणसाने पहिल्यांदा रस्त्यावरच्या शर्यतीत नाव नोंदवलं, की त्याची अपेक्षा साधी असते. अंतर तर ऐंशीच किलोमीटर आहे, नंबर नाही आला तरी आरामात पूर्ण होईल. मग झेंडा खाली येतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत तो एकटाच रस्त्यावर असतो. पुढचा घोळका वळणाआड गेलेला, मागून रुग्णवाहिका येतेय. दम कमी पडला, वय झालं, सायकल स्वस्तातली होती, असं काहीतरी कारण तो स्वतःला देतो. बहुतेक वेळा यातलं एकही खरं नसतं.

मोसम सुरू कधी होतो?

युरोपात रस्त्यावरच्या शर्यतींचा मोसम हिवाळा सरता सरता सुरू होतो. बेल्जियमची ओमलूप फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला होते, फ्रान्समधली पॅरिस-नीस मार्चमध्ये. १९३३ साली सुरू झालेल्या पॅरिस-नीसला 'सूर्याकडे नेणारी शर्यत' म्हणतात, कारण ती थंडगार पॅरिसच्या बाजूने निघून भूमध्य समुद्राच्या उबेत संपते. इटलीची मिलान-सान रेमो १९०७ पासून आहे आणि तिचं लाडकं नावच 'वसंत ऋतू' असं आहे. तिकडच्या हौशी सायकलपटूंनाही पहिल्या शर्यतीत गारठा, वारा आणि हिवाळाभर घरात पाय फिरवून आलेली सुस्ती यांच्याशी झगडावं लागतं.

आपल्याकडे मध्ये येतो तो पावसाळा. मुंबई परिसरातून मोसमी पाऊस साधारणपणे ८ ऑक्टोबरच्या आसपास माघार घेतो. त्याआधीचे चार महिने रस्त्यावर वेगाचा सराव जवळपास अशक्य असतो. खड्डे पाण्याखाली, माळशेजला दरडी आणि पर्यटकांच्या गाड्या. काही जण घरातल्या ट्रेनरवर सायकल चढवतात, बाकीचे जिम किंवा धावण्यावर भागवतात. मग ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात स्थानिक शर्यती, सायक्लोथॉन, जिल्हा आणि राज्य निवड चाचण्या असं सगळं दाटीवाटीने येतं. जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात झालेली पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय दर्जाची अनेक दिवसांची शर्यतही याच हंगामात बसवलेली होती.

थोडक्यात, युरोपातला हौशी सायकलपटू थंडीतून बाहेर येऊन शर्यतीला उभा राहतो, तर कल्याणचा पावसातून थेट ऑक्टोबरच्या उकाड्यात.

ब्रेव्हे करणाऱ्याला शर्यत का जमत नाही?

मुंबई, पुणे, नाशिक पट्ट्यात गेल्या काही वर्षांत सायकलिंग वाढलं ते मुख्यतः ब्रेव्हेमुळे, म्हणजे बीआरएममुळे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत. एका मोसमात चारही पूर्ण केले की 'सुपर रँडोनर'. इथे कोणी पहिला येत नाही. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी लागणारा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटरहूनही किंचित कमी आहे, आणि त्यात पंक्चर काढणं, मिसळ खाणं, झाडाखाली पाठ टेकणं सगळं आलं.

त्याच्या पलीकडे अतिदीर्घ पल्ल्याच्या शर्यती. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाच्या गटात 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, तेव्हापासून मराठी घरांत या प्रकाराचं कौतुक वाढलं. पुण्याहून गोव्याला जाणारी ६४३ किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर त्याच वाटेवरची. पण अशा शर्यतींत दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवायला मनाई असते. प्रत्येकाची लढत घड्याळाशी आणि स्वतःच्या झोपेशी.

रस्त्यावरची सामूहिक शर्यत या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. सगळे एकत्र सुटतात आणि जो आधी रेषा ओलांडेल तो जिंकतो. वेळ किती लागला याला फारशी किंमत नसते. त्यामुळे वेग सारखा राहत नाही. दहा मिनिटं गप्पा मारता येतील इतकं संथ चालतं, मग कोणीतरी उसळी घेतो आणि पुढचे दोन मिनिटं सगळ्यांची छाती फुटायची वेळ येते. ब्रेव्हेने कमावलेली ताकद म्हणजे तासन्‌तास एकाच लयीत चालण्याची ताकद. शर्यतीत ती लागतेच, पण निकाल त्या दोन-दोन मिनिटांच्या उसळ्यांमध्ये लागतो. तेवढ्या क्षणी चाक सुटलं की पुढचे साठ किलोमीटर एकट्याने काढायचे.

एकटं पडणं इतकं महाग का?

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा ढकलण्यात जाते. आणि हवेचं गणित निर्दयी आहे: लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० वरून ४० किलोमीटरवर जायचं तर वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढतो, पण हवेसाठी लागणारी शक्ती जवळपास २.४ पट होते.

दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिलं की हा भार बराच हलका होतो. यालाच ड्राफ्टिंग म्हणतात. मोठ्या घोळक्यात तर फरक थक्क करणारा आहे. बर्ट ब्लॉकेन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा संगणकावर आणि वाऱ्याच्या बोगद्यात अभ्यास केला. घोळक्याच्या मधल्या-मागच्या भागातल्या स्वाराला लागणारा हवेचा विरोध एकट्या स्वाराच्या अवघा ५ ते १० टक्के निघाला. स्थानिक शर्यतीत तीस-चाळीस जणांचा विस्कळीत घोळका असतो, तिथे एवढा फायदा मिळत नाही. तरीही आत असलेला आणि बाहेर पडलेला यांच्यात दोन वेगळ्या खेळांइतकं अंतर पडतं.

म्हणूनच 'आत्ता थोडं सोडून देऊ, पुढे गाठू' हा विचार पहिल्या शर्यतीतली सगळ्यात महागडी चूक ठरतो. मुरबाड रस्त्यावर मित्र थांबतात. शर्यतीत कोणी थांबत नाही, आणि पाच मीटरची फट बुजवायला जेवढा जोर लागतो त्याच्या कितीतरी पट पन्नास मीटरसाठी लागतो.

नवखा सायकलपटू आणखी एक गोष्ट करतो, जी भिडस्तपणातून येते. अनुभवी लोकांच्या मध्ये कशाला घुसायचं म्हणून तो सगळ्यात मागे राहतो. ती जागा सुरक्षित आणि सोपी वाटते. प्रत्यक्षात वळण आलं की पुढचे ताशी ३५ वरून ३० वर येतात, मधले २५ वर आणि शेवटचे जवळपास थांबतात. वळण संपताच पुढचे पुन्हा ३५ वर गेलेले असतात आणि शेपटीतल्यांना शून्यातून धावत सुटावं लागतं. हार्मोनियमच्या भात्यासारखा घोळका मिटतो आणि फाकतो. प्रत्येक वळणावर, प्रत्येक गतिरोधकावर. आपल्या रस्त्यांवर गतिरोधक किती असतात हे सांगायला नको. पुढच्या तृतीयांशात राहणारा तेच अंतर निम्म्या उसळ्यांत कापतो.

घाटात मात्र हिशेब बदलतो

चढावर वेग ताशी १०-१५ किलोमीटरवर आला की हवेचा विरोध नगण्य होतो आणि लढत गुरुत्वाकर्षणाशी सुरू होते. मागे लपून फारसा उपयोग नाही. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो असतील आणि त्यातले ४ किलो कमी झाले, तर त्याच ताकदीत चढाचा वेळ साधारण ५ टक्क्यांनी घटतो. सायकलचं वजन दोनशे ग्रॅमने कमी करायला हजारो रुपये मोजणाऱ्यांनी हा हिशेब एकदा वहीत मांडून पाहावा.

महाराष्ट्रात घाटाला शर्यतीत वेगळाच मान आहे. मुंबई-पुणे या राज्यातल्या जुन्या सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून गौरवलं जातं. कधीकधी शर्यत कोण जिंकलं हे लोक विसरतात, घाटाचा राजा लक्षात राहतो. युरोपातही डोंगरातल्या सर्वोत्तम चढाईपटूचा वेगळा मान १९३३ साली टूर द फ्रान्स आणि जिरो या दोन्ही शर्यतींत सुरू झाला.

कल्याणकरांना घाटाच्या सरावाची तशी चैन आहे. माळशेज आणि कसारा एका दिवसात होतात. बदलापूर, वांगणी करत नेरळला पोहोचलं की माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा उभा चढ आहे. कमी वेळ असेल तर नेवाळी नाक्यावरून मलंगगडाच्या पायथ्यापर्यंतचा रस्ता. कमतरता आहे ती सपाट, मोकळ्या, वेगाच्या रस्त्याची. भिवंडी-पडघा पट्ट्यात गोदामांचे कंटेनर, शिळफाट्याला पहाटेपासून ट्रक. घोळक्यात चाकाला चाक लावून ताशी ४० ने जाण्याचा सराव करायला सुरक्षित जागाच मिळत नाही. त्यामुळे इथला नवखा बहुतेकदा घाट बरा चढतो आणि घाटाच्या आधीच्या सपाटीवर गळतो. घाटाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत शर्यत पुढे निघून गेलेली असते.

ऑक्टोबरचा उकाडा आणि पोटाचा हिशेब

पावसाळाभर ढगाळ हवेत किंवा पंख्याखाली व्यायाम केलेल्या शरीराला उन्हाची सवय मोडलेली असते. उष्णतेशी जुळवून घ्यायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. या काळात रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, त्याच मेहनतीला हृदयाचे ठोके कमी लागतात. खाडीकाठच्या दमट हवेत घाम गळतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. म्हणून शर्यतीच्या आधीचे दोन आठवडे रोज पहाटेच्या गारव्यात सराव करणाऱ्याला साडेनवाच्या उन्हात धक्का बसतो. त्यातले काही दिवस मुद्दाम उशिरा निघून, वेग कमी ठेवून उन्हात तास-दीड तास काढले तर फरक पडतो.

घामाचा वेग माणसागणिक बदलतो. तासाला एक लिटर ही अशा हवेत नवलाची गोष्ट नाही. नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घटण्याचा धोका असतो, म्हणून मीठ हवं. इथे बरेच जण ओआरएसवर विसंबतात. ते मिठासाठी चांगलं आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज अवघं १३.५ ग्रॅम असतं. जोरात सायकल चालवताना तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. ओआरएस पिऊन तहान भागेल, पाय चालणार नाहीत.

शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, जोराच्या मेहनतीत दीड-दोन तासांत संपत येते. मग जे होतं त्याला सायकलपटू 'बाँक झालो' म्हणतात: डोकं हलकं, हाताला कंप, आणि साधा उड्डाणपूलही चढवत नाही. ब्रेव्हेत थांबून खाता येतं. शर्यतीत एका हाताने, घोळक्यात, भूक लागायच्या आधी खावं लागतं. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं असतात. खजूर बिया काढून, राजगिऱ्याचा लाडू छोट्या तुकड्यांत, चिक्की आधीच मोडून जर्सीच्या मागच्या खिशात ठेवली तर परदेशी जेलची पाकिटं घेतलीच पाहिजेत असं नाही. अट एकच, जे शर्यतीत खायचं ते सरावात खाऊन पाहिलेलं हवं. शर्यतीच्या सकाळी पहिल्यांदा उघडलेल्या नव्या पाकिटाने पोट बिघडल्याची तक्रार फार ऐकू येते.

पडण्याची भीती खरी आहे

घोळक्यात पुढचं चाक आणि आपलं चाक यांत फूटभर अंतर असतं. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूने घासलं, की बहुतेकदा पुढचा पडत नाही, आपण पडतो. आणि आपल्या मागचे आपल्यावर.

पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर याची शक्यता जास्त असते. खड्डे नुकतेच खडी टाकून बुजवलेले असतात आणि ती खडी वळणावर पसरते. काँक्रीटच्या रस्त्यावर दोन पट्ट्यांमधली फट नेमकी रोड बाइकच्या टायरएवढी रुंद असू शकते, तिच्यात चाक गेलं की हँडल वळत नाही. रस्त्यात बसवलेले रिफ्लेक्टर अंधुक उजेडात दिसत नाहीत. घोळक्यात पुढचा रस्ता दिसतच नसल्याने प्रत्येक जण पुढच्याच्या हाताकडे पाहतो. बोट खाली दाखवलं की खड्डा, तळहात मागे केला की वेग कमी. ही खुणांची भाषा न शिकता शर्यतीला उभं राहणं स्वतःपेक्षा मागच्यांना जास्त महागात पडतं. अचानक ब्रेक मारायचा नाही, रेषा सोडून बाजूला सरकायचं नाही, मागे वळून पाहताना हँडल ओढायचं नाही, या गोष्टी चार-पाच मित्रांमध्येही शिकता येतात. रस्ता पूर्ण बंद नसेल तर मधली रेषा ओलांडायची नाही, मग कितीही मोकळा दिसो.

हेल्मेटबद्दल आज कोणी वाद घालत नाही, पण हे एकमत फार जुनं नाही. १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने हेल्मेटची सक्ती करायचा प्रयत्न केला, तेव्हा पॅरिस-नीसमध्ये व्यावसायिक सायकलपटूंनीच विरोध केला. उकडतं, चढावर नकोसं होतं, ही त्यांची कारणं. नियम मागे पडला. बारा वर्षांनी, मार्च २००३ मध्ये, त्याच पॅरिस-नीसमध्ये कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव पडला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो गेला. वय २९. दोन वर्षांपूर्वी टूर द फ्रान्समध्ये तो चौथा आला होता. त्याच वर्षी मे महिन्यात सक्ती लागू झाली. सुरुवातीला शर्यत डोंगरमाथ्यावर संपत असेल तर शेवटच्या चढावर हेल्मेट काढायची सवलत होती, नंतर तीही गेली.

ताप येऊन गेला असेल तर

हा भाग सायकलिंगच्या चर्चांमध्ये सहसा येत नाही. मोसमाची सुरुवात आणि डेंग्यू, मलेरिया, विषाणूजन्य तापाचा काळ एकच असतो. कल्याण-डोंबिवलीत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घरटी कोणीतरी तापाने पडलेलं असतं. सहा महिन्यांपूर्वी प्रवेश शुल्क भरलेलं असतं, टी-शर्ट घरी आलेला असतो, म्हणून ताप उतरल्यावर आठवडाभरात लोक शर्यतीला उभे राहतात. काही विषाणूजन्य आजारांत हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि तशा अवस्थेत केलेली कमाल मेहनत हृदयाची लय बिघडवू शकते. ताप, अंगदुखी, छातीत जडपणा, नेहमीच्या चढावर अकारण धाप यांपैकी काहीही शिल्लक असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शर्यत नाही. चाळिशीनंतर पहिल्यांदाच शर्यतीत उतरणाऱ्यांनी तर आधी एकदा तपासणी करून घ्यावीच. साचलेल्या पाण्यातून सायकल काढली असेल आणि पायाला खरचटलेलं असेल, तर लेप्टोस्पायरोसिसचाही विचार डॉक्टरांना करू द्यावा.

डीएनएफ म्हणजे काय, आणि नाव कुठे नोंदवायचं?

निकालाच्या यादीत नावापुढे 'डीएनएफ' दिसलं तर त्याचा अर्थ शर्यत पूर्ण केली नाही. ठरावीक वेळेपेक्षा मागे पडलेल्यांना पंच थांबवतात, कारण पोलीस बंदोबस्त आणि बंद ठेवलेला रस्ता ठरावीक वेळेपुरताच असतो. मागून येणाऱ्या गाडीत सायकल चढवताना वाईट वाटतं, पण वाहतूक सुरू झालेल्या रस्त्यावर थकलेल्या अवस्थेत एकट्याने रेटत राहण्यापेक्षा ती गाडी बरी. व्यावसायिक शर्यतींतही रोज कोणी ना कोणी याच यादीत असतं.

जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीच्या शर्यती सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडियाशी संलग्न संघटनांमार्फत होतात. तिथे वयोगट काटेकोर असतात आणि वयाचा दाखला लागतो. स्थानिक संस्थांच्या खुल्या शर्यतींत नियम सैल असतात. अनेक ठिकाणी साधी सायकल आणि गिअरची सायकल असे वेगळे गट केलेले असतात, कुठे हौशींचा गट स्वतंत्र असतो, कुठे सगळे एकत्रच सुटतात. प्रवेश अर्ज भरताना अंतरापेक्षा आधी हे पाहावं. राज्य संघात खेळणाऱ्या विशीतल्या मुलांबरोबर सुटणाऱ्या चाळीस किलोमीटरच्या शर्यतीत टिकणं हौशी गटातल्या शंभर किलोमीटरपेक्षा अवघड असतं.

पहिल्या शर्यतीनंतर बरेच जण सरावातले किलोमीटर वाढवतात. मुरबाडऐवजी टोकावडे, टोकावड्याऐवजी माळशेज. त्याने माळशेज सोपा होतो. शर्यतीत टिकून राहायला आठवड्यातून एक-दोनदा एक ते तीन मिनिटांच्या जोरकस उसळ्या, मध्ये थोडी उसंत, पुन्हा उसळी, असा तासाभराचा सराव जास्त कामाला येतो. कामावर जाण्यासाठी साडेसातची लोकल गाठायची असेल तर तेवढाच वेळ हाताशी असतो. रविवारी चार-पाच जणांनी एकामागून एक रांगेत, दर मिनिटाला पुढचा बदलत रायत्यापर्यंत जाऊन यायचं. दुसऱ्या शर्यतीत बहुतेक जण तरीही ड्रॉप होतात, पण पंचविसाव्या मिनिटाऐवजी पन्नासाव्या मिनिटाला, आणि तेव्हा रस्त्यावर त्यांच्यासोबत आणखी सहा-सात जण असतात ज्यांच्याबरोबर वारा वाटून घेता येतो.